कुठल्या पॉइंटला किती युनिट

ऑगस्ट २०२३ पासून आमच्या भागात लाईटबिल वाचायची रीतच बदलली. कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना लागू झाली, जुलैच्या वापरापासून घरगुती ग्राहकांना २०० युनिटांपर्यंत वीज मोफत मिळू लागली, आणि निपाणीपासून बेळगावपर्यंत घराघरांत युनिटांची चर्चा सुरू झाली. त्याआधी बिल म्हणजे रक्कम. गेल्या महिन्यात सहाशे आलं, या महिन्यात सातशे आलं, एवढंच लोक बोलायचे. युनिटांचा रकाना कुणी बघत नसे. आता रक्कम शून्य येणार की नाही हे त्या रकान्यावरच ठरतं.

सरसकट २०० युनिट फुकट, असं ज्यांनी ऐकलं होतं त्यांना पहिल्या काही बिलांनीच धक्का दिला. योजनेचा हिशेब वेगळा आहे. २०२२-२३ या आर्थिक वर्षात तुमच्या मीटरवर महिन्याला सरासरी किती युनिट पडले ते काढायचं आणि त्यात दहा टक्के मिळवायचे. ती तुमची मर्यादा. सरासरी ६० असेल तर ६६ युनिट मोफत. ७५ वापरले तर वरच्या ९ युनिटांचे पैसे भरायचे. आणि २०० ओलांडले तर मोफत काहीच नाही, सगळं बिल अंगावर. काटकसरीनं राहणाऱ्याच्या पदरात कमी आणि सढळ हातानं वापरणाऱ्याच्या पदरात जास्त, हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सरकारनं ४८ युनिटांच्या आतल्या घरांना दहा टक्क्यांऐवजी सरळ दहा युनिट वाढवून द्यायचं ठरवलं, तेव्हा लहान घरांची जरा सोय झाली. ज्यांची सरासरी ३० होती त्यांची मर्यादा ३३ वरून ४० वर गेली. सात युनिट कुणाला किरकोळ वाटतील. मी ज्या घरांबद्दल सांगणार आहे तिथे ते किरकोळ नाहीत.

मी निपाणीत राहते. आधी बरीच वर्षं बेळगावात एका संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळली, आता तेच काम घराजवळ करते. मिक्सर जळला, रिमोट चालेना, की गल्लीतली माणसं आधी माझ्याकडे येतात. योजना आल्यावर ती बिलं घेऊन यायला लागली. मीटर वाचणारा माणूस दारातच मशीनमधून चिठ्ठी काढून देतो. ती कन्नडमध्ये असते. मराठी शाळेत शिकलेल्या बायका त्यातले आकडे तेवढे लावतात. कंपनीचं नाव हेस्कॉम होऊन दोन दशकं उलटली, तरी जुन्या माणसांच्या तोंडी अजून केईबीच आहे.

"मॅडम, एवढं बघून सांगा की, कशानं वाढलंय ते."

चिठ्ठी बघून ते कळत नाही. तिच्यावर सगळ्या घराचा मिळून एकच आकडा असतो. आकडा एक आणि घरात माणसं पाच-सहा, म्हणजे बोट कुणाकडे तरी जाणार. मी पाहिलं ते असं की, घरात जे माणूस सगळ्यात कमी बोलतं त्याच्याकडे ते जातं. सुनेचं शिलाई मशीन, म्हातारीचा पंखा, वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या पोराचा लॅपटॉप. फ्रीजवर कुणी संशय घेत नाही, कारण तो सगळ्यांचा. मला या कामात ओढलं ते या एका गोष्टीनं. नाहक बोल ऐकणाऱ्या माणसाच्या हातात खरा आकडा द्यायचा, एवढाच हेतू होता.

त्यासाठी एकेका पॉइंटचा वापर मोजणारी पेटी आमच्या प्रयोगशाळेतल्याच सामानातून तयार झाली. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक २०१२ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या मंडळींनी बाजारात आणला, शाळकरी मुलांना प्रोग्रॅमिंग यावं म्हणून. एटीएम कार्डाएवढी पाटी, तिला मोबाईलचा चार्जर पुरतो. पण तिच्या पिनांना फक्त हो किंवा नाही एवढंच कळतं. कमी-जास्त होणारा दाब किंवा प्रवाह ती आपणहून मोजू शकत नाही. मोजायचं काम दुसऱ्या भागाला द्यावं लागतं. त्यासाठी तारेभोवती अडकवायची चिमट्यासारखी कॉइल मिळते. तार न तोडता प्रवाह कळतो ही तिची सोय. मात्र ती एकाच तारेभोवती अडकवायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिच्यात घेतल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात आणि आकडा शून्य येतो. विद्यार्थ्यांना मी हे आधी करून दाखवते, मग कारण विचारते.

नुसता प्रवाह मोजून २३० नं गुणलं की झाले वॅट, असं पुष्कळ जण धरून चालतात. गिझर, इस्त्री, हीटर यांना ते जवळपास लागू पडतं, बाकीच्या घराला नाही. फ्रीजच्या किंवा पाण्याच्या मोटारीत प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे नुसत्या अँपियरवरून काढलेले वॅट फुगून येतात. बिलाचं मीटर मात्र खऱ्या खर्चाचेच युनिट धरतं. शिवाय आमच्याकडे दाब तरी २३० कुठे असतो? उन्हाळ्यात, लाईनच्या शेवटच्या टोकाला, संध्याकाळी तो २०० वर आलेला मी स्वतः वाचलाय. २०० व्होल्टवर २००० वॅटचा गिझर जेमतेम १५०० वॅटचा होतो, पाणी तापायला जास्त वेळ घेतो, आणि घरातले म्हणतात गिझर बिघडला. म्हणून दाब आणि प्रवाह दोन्ही एकाच वेळी मोजणं भाग आहे. वेल्समधल्या ओपनएनर्जीमॉनिटर या मंडळींनी हे सगळं गणित आणि आराखडे जगासाठी खुले ठेवलेत. मी त्यावरून शिकले. पेटीत मात्र पीझेम-००४टी नावाचं तयार मॉड्यूल घातलं. ते व्होल्ट, अँपियर, वॅट, युनिट आणि पॉवर फॅक्टर असं सगळं मोजून आकडे सांगतं. पायनं ते विचारायचे आणि लिहून ठेवायचे.

बाहेरून पेटी म्हणजे जाड एक्स्टेंशन बोर्डच. भिंतीतल्या पंधरा अँपियरच्या पॉइंटला तिची पिन लावायची आणि फ्रीज किंवा टीव्ही तिच्यात लावायचा. आत अडीच स्क्वेअरची तार, स्वतंत्र एमसीबी, अर्थिंग पक्कं, आणि २३० व्होल्टची बाजू व पायची बाजू यांच्यामध्ये जाड फायबरची पट्टी. लोकांच्या घरात ठेवायची वस्तू आहे, तिथे लहान मुलं असतात. या बाबतीत मी पैसा वाचवला नाही आणि कुणी वाचवू नये. कंपनीच्या मीटरला आणि त्याच्या सीलला हात लावायचा नाही, हा दुसरा नियम.

बाकी अडचणी आमच्या भागाच्या होत्या. लाईट जाते. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, ऑक्टोबरात राज्यभर विजेची टंचाई होती, तेव्हा तर वारंवार जायची. लिहीत असताना लाईट गेली की पायचं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, सगळी नोंद जाते. म्हणून नोंदी आधी मेमरीत साठवून ठराविक वेळानं एकदाच कार्डावर लिहायच्या, असं बसवलं. दुसरं म्हणजे मी वापरते त्या पायला स्वतःचं घड्याळ नाही. तो इंटरनेटवरून वेळ घेतो, आणि मी जिथे जाते त्यातल्या बहुतेक घरांत वायफाय नसतो. लाईट जाऊन आली की रात्रीचे दोन वाजलेत की दुपारचे, हे त्याला कळत नाही. पाच-दहा मिनिटांची गोष्ट असती तर सोडून दिली असती, पण वेळ चुकली तर सगळा अर्थच जातो. नाण्याएवढ्या सेलवर चालणारं घड्याळाचं छोटं सर्किट बसवलं, तेव्हा नोंदी भरवशाच्या झाल्या.

शिलाई मशीनच्या घरात पेटी आठवडाभर होती. सून ब्लाऊज, परकर शिवते, घरखर्चाला हातभार लावते, आणि बिल मर्यादेबाहेर गेलं की सासूबाई म्हणायच्या, दिवसभर मशीन घरघरतंय, मग येणारच की. मशीनची मोटर १०० वॅटची. ती चार तास अखंड चालली असं धरलं तरी ०.४ युनिट, आणि ती अखंड चालतच नाही, पाय दाबला तेवढीच चालते, मध्ये कापणं, जुळवणं, दोरा ओवणं असतं. पेटीनं दिवसाचा आकडा त्याच्या निम्म्याहून कमी दाखवला. मग पेटी फ्रीजला लावली. चांगल्या फ्रीजचा आलेख दातेरी असतो: कॉम्प्रेसर चालू, बंद, चालू, बंद. याचा आलेख सपाट होता. ११० वॅट, रात्रभर, दिवसभर, खंड नाही. दाराचं रबर एका कोपऱ्यात फाटलेलं, गार हवा सतत बाहेर, म्हणून कॉम्प्रेसरला उसंत नाही. ११० वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला २.६४ युनिट, महिन्याला ७९. सासूबाईंना मी आलेख दाखवला नाही. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ती ओढून बघा म्हटलं. वरच्या बाजूला पट्टी घट्ट बसत होती, खालच्या कोपऱ्यात अलगद सुटून आली. त्यांनी स्वतः दोनदा करून पाहिलं. मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "हे बघ गं, इथनं जातंय सगळं." रबर बदललं. त्या घरात मशीनचा विषय पुन्हा निघाला नाही, हे मला त्या सुनेनंच नंतर सांगितलं.

सगळ्यांना पेटी हवी असंही नाही. ज्यांना जमेल त्यांना मी मीटरवरचा लाल दिवा मोजायला शिकवते. बहुतेक घरगुती मीटरवर ३२०० इम्पल्सचा आकडा छापलेला असतो, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते भिंतीवरच्या घड्याळात बघायचं आणि ११२५ ला त्यानं भागायचं. त्या क्षणी घरात किती वॅट चाललेत ते निघतं. नऊ सेकंद लागले तर १२५ वॅट. घरातली सगळी बटणं बंद करूनही दिवा लुकलुकत असेल तर काहीतरी चालू आहे, शोधा. सातवीतली मुलं हे आईला करून दाखवतात. अशी घरं आता कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या आकड्याशेजारी दिवसाचे युनिट लिहितात.

माझी एक बहीण कागल तालुक्यात दिली आहे. अंतर म्हणाल तर बसनं फार नाही. आमच्या निपाणीचं देवचंद कॉलेज ज्या अर्जुननगरात आहे तेसुद्धा महाराष्ट्रातच येतं, निपाणीची पोरं रोज दोन राज्यांत ये-जा करतात. पण तिच्याकडे महावितरणचं मीटर. तिथे १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच चढा दर. तिला रोखायचे असतात ते शंभराच्या वरचे युनिट, आणि आमच्या गल्लीत प्रत्येकाची रेघ वेगळी, त्याच्याच गेल्या वापरावरून ठरलेली. फ्रीज एकाच कंपनीचा, मोजणारी पेटी एकच, आणि बहिणीनं व गल्लीतल्या शेजारणीनं मला विचारलेले प्रश्न निराळे. बेळगावात शहापूर-वडगावकडच्या विणकरांच्या घरी तर माग आणि घर एकाच छपराखाली, पण मीटर दोन. तिथे पेटी लावण्याआधी कुठला पॉइंट कुठल्या मीटरवर आहे हे शोधण्यातच सकाळ जाते.

या कामात मला सगळ्यात जपावं लागलं ते एका गोष्टीला, आणि ती तंत्राची नाही. पॉइंटची नोंद म्हणजे माणसाच्या दिनक्रमाची नोंद असते. कोण कधी उठलं, कधी निजलं, घरात कधी कुणी नव्हतं, सगळं त्यात दिसतं. एका घरात स्वयंपाकघरातल्या पॉइंटवर रोज पहाटे साडेतीनला १५०० वॅटचा उभा सुळका यायचा, चार मिनिटांचा. त्यानंतर ९ वॅटची बारीक रेघ, सहापर्यंत. मी आकडे बघत होते तेव्हा धाकटी सून माझ्या मागे उभी होती. तिनं हळूच सांगितलं, "ताई, तेवढं दाखवू नका." किटलीत चहाचं पाणी ठेवून ती टेबललॅम्प लावून परीक्षेचा अभ्यास करायची. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. किटलीचे ०.१ युनिट, दिव्याचे ०.०२. महिनाभराचे मिळून चार युनिटही होत नाहीत. मी वेळेचा रकाना काढून टाकला आणि घरच्यांना दिवसाच्या बेरजा दिल्या. बेरजेत खोटं काही नव्हतं, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात पुरेपूर होतं.

एका घरमालकांनी वरच्या खोलीतल्या मुलाच्या पॉइंटची तासातासाची नोंद मागितली. मी दिली नाही. ते रागावले, पेटी माझ्या घरात आहे, लाईट माझी आहे, म्हणाले. त्यांचा मुद्दा वाटणीचा होता, आणि वाटणीला महिन्याचा एक आकडा पुरतो. त्यासाठी त्या खोलीला स्वतंत्र सबमीटर लावा असं मी सांगितलं. तेव्हापासून कुठेही पेटी ठेवण्याआधी, ज्याच्या वापराचं माप घ्यायचं त्या माणसाला विचारते, मग ते माणूस भाडेकरू असो की घरातली शाळकरी मुलगी. आकडे त्याला आधी दाखवते. आणि पेटी उचलताना बारीक नोंद त्यांच्यासमोर पुसते. आपल्याकडे घरोघर स्मार्ट मीटर यायच्या गोष्टी चालल्यात. ते हीच नोंद घराबाहेर पाठवणार आहेत. तिची राखण कोण आणि कशी करणार, हे विचारायचा हक्क प्रत्येक घराला आहे, आणि तो आताच विचारायला हवा.

गेल्या मे महिन्यात विड्या वळणाऱ्या एका मावशींच्या घरी गेले होते. निपाणीत तंबाखू आणि विडी हीच निम्म्या गल्ल्यांची चूल. मावशींची सरासरी ३०, मर्यादा ४०. दोन एलईडी दिवे, एक पंखा, टीव्ही, मोबाईलचा चार्जर, एवढंच घरात. विड्या वळताना पंखा लावता येत नाही, सुपातली तंबाखू उडते, नाकाडोळ्यांत जाते. दुपारी जेवून तासभर आडवं होताना तेवढा लावायचा, तर तोही त्या लावत नव्हत्या. "युनिट सरतात की," म्हणाल्या. उन्हानं पत्रा तापलेला, अंगावर घामानं चोळी चिकटलेली, आणि कपाटामागे टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स रात्रंदिवस चालू. टीव्ही बंद केला तरी तो चालूच राहतो. पेटीनं त्याचे १० वॅट दाखवले. दहा वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला ७.२ युनिट. त्यांचा जुना पंखा ७५ वॅटचा; दुपारी दोन तास लावला तर महिन्याला साडेचार युनिट. रात्री नऊला बॉक्स बंद करून दुसऱ्या संध्याकाळी मालिकेच्या वेळी सुरू केला, तर पंख्याचे युनिट त्यातूनच निघतात, वर शिल्लक राहते.

हिशेब त्यांना लगेच उमगला. हजारी मोजून मजुरी घेणाऱ्या बाईला गुणाकार शिकवावा लागत नाही. अडचण वेगळीच निघाली. बॉक्सची पिन ज्या बोर्डात होती तो लोखंडी कपाटामागे, तिथे हात पोचत नाही, आणि रोज कपाट कोण सरकवणार? नातवानं वायर लांबवायचं सुचवलं. मी नको म्हटलं, सांधलेली वायर पत्र्याच्या घरात नको. ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्यानं दाराशेजारी, मावशींच्या खांद्याच्या उंचीला नवा बोर्ड बसवला, बटणाला लाल दिवा असलेला, म्हणजे चालू राहिलं तर दिसावं. मजुरी आणि सामान धरून जो खर्च आला तो त्यांनी दोन हप्त्यांत दिला, माझ्याकडून घेतला नाही. पुढचं बिल आलं तेव्हा चिठ्ठी घेऊन त्या स्वतः आल्या. ३७ युनिट, रक्कम शून्य. आणि त्यांच्या गल्लीतल्या आणखी तिघींची नावं त्यांनी पेटीसाठी सांगून ठेवली. त्यातल्या एकीच्या घरी इन्व्हर्टर आहे. त्याची बॅटरी चार्ज होताना प्रवाहाचा आकार वेडावाकडा होतो, तिथे माझं मॉड्यूल किती अचूक वाचतं हे आधी प्रयोगशाळेतल्या मीटरशी ताडून बघायचंय, मगच तिला आकडा सांगेन.